आमची वाटचाल : खोक्यावरचा बॅच नंबर

कापडाच्या व्यापाऱ्याला थान उलगडून, हात फिरवून माल घेता येतो. आमचा कच्चा माल उजेडात उघडला की संपला. कृष्णधवल फोटोचा कागद काळ्या पिशवीत येतो, सेफलाइटच्या, म्हणजे कागदाला न बाधणाऱ्या मिणमिणत्या दिव्याखालीच बाहेर निघतो, आणि त्यात खोट असेल तर ती कळते शेवटी : एक्स्पोजर देऊन, म्हणजे निगेटिव्हमधून उजेड पाडून, मग चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते थांबवणारा स्टॉप आणि पक्कं करणारा फिक्सर या रसायनांमधून काढून, पांढरा दिवा लावल्यावर. तोवर कागद गेलेला असतो, रसायन गेलेलं असतं आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं. आमची छोटी लॅब टिकली ती या अडचणीशी जमवून घेतल्यामुळे, असं माझं मत आहे. चांगले एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं करून पाडणारी यंत्रं, आणि चांगले हात इतरांकडेही होते.

सुरुवातीची वर्षं कागदाची काळजी करावी लागली नाही. सौम्य ते कडक हवा तो ग्रेड, हवा तो पृष्ठभाग मिळायचा. एका कंपनीचा नसला तर दुसऱ्या कंपनीचा. मग धडाधड पडझड झाली. २००४ मध्ये इल्फर्ड ही कागद बनवणारी कंपनी आर्थिक संकटात सापडली. तिच्याच व्यवस्थापकांनी कृष्णधवलचा धंदा विकत घेऊन हार्मन या नावाने पुढे चालवला, म्हणून तो कागद वाचला. २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल कागद बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली. हंगेरीतली फोर्टे २००७ मध्ये बंद पडली. चेक प्रजासत्ताकातली फोमा मात्र चालू राहिली. आमच्यासारख्यांच्या हातात निवड अशी फारशी उरली नाही, आणि पर्याय कमी झाला की खराब खोकं जास्त महागात पडतं, हे तेव्हा नीट कळलं.

त्या काळात बंद पडणाऱ्या लॅबचा जुना साठा भरपूर निघाला. स्वस्तात मिळतोय म्हणून लोक खोक्यांवर खोकी उचलत होते. आम्हीही घेतली, पण प्रत्येक खोक्याची परीक्षा घेऊनच. ती परीक्षा साधी आहे आणि आजही नव्या मालावर तीच करतो. पूर्ण अंधारात, सेफलाइटही बंद ठेवून, एका कागदाचे दोन तुकडे करायचे. एक थेट फिक्सरमध्ये टाकायचा. दुसरा आधी डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ हलवायचा, मग स्टॉप, मग फिक्सर. दोन्ही धुऊन, वाळवून शेजारी शेजारी ठेवायचे. पहिला तुकडा म्हणजे त्या कागदाचा अस्सल पांढरा. दुसरा त्याच्याजवळ करडा दिसला तर कागदावर फॉग आहे. उजेड न लागताही त्याच्यातली चांदी काळी पडायला लागली आहे.

वयाने आलेला फॉग बहुधा कडेकडून आत शिरतो, कारण हवा, दमटपणा आणि पुठ्ठ्याची वाफ कडेलाच आधी भिडते. पिशवीला भोक असेल तर डाग वेड्यावाकड्या आकाराचा येतो आणि वरच्या कागदावर ठळक, खालच्यांवर फिकट होत जातो. थोडा फॉग असेल तर डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायझोल या फॉग रोखणाऱ्या रसायनाचे थेंब घालून पांढरा बराचसा सावरता येतो. कागदाचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, तेवढा कमी होतो. पण जुन्या कागदाचं खरं दुखणं कॉन्ट्रास्टचं, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाचं असतं. सगळ्यात कडक असा पाच नंबरचा फिल्टर लावूनही प्रिंट तीन नंबरसारखी सपाट येते. असा कागद आम्ही शिकाऊ मुलांना सरावासाठी दिला. गिऱ्हाइकाच्या कामाला तो कधीच वापरला नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका नव्याकोऱ्या मालाने. प्रदर्शनाचं काम होतं, आकाश भरपूर असलेले फोटो. त्या करड्या आकाशात आडवी, अगदी पुसट फिकट रेघ दिसायची. गर्दीच्या फोटोत कुणाला दिसली नसती. मोकळ्या आकाशात लपायला जागा नाही. माझ्या भागीदाराने आधी एन्लार्जरवर संशय घेतला, मग ट्रे हलवण्याच्या पद्धतीवर. शिकाऊ मुलांपैकी एक म्हणाला, ‘‘काका, कागद उलटा लावून बघू या का?’’ तेच केलं. अंधारात प्रत्येक कागदाचा एकच कोपरा कात्रीने किंचित छाटला, म्हणजे दिशा हाताला कळते. निगेटिव्ह जागच्या जागी ठेवून अर्धे कागद सरळ लावले, अर्धे अर्ध्या वळशाने फिरवून. दोष एन्लार्जरचा असता तर रेघ चित्राबरोबर राहिली असती. ती छाटलेल्या कोपऱ्याबरोबर फिरली. फोटोचा कागद कारखान्यात रुंद रोलवर लेप देऊन मग कापतात, त्यामुळे लेप देतानाची रेघ एकामागून एक कित्येक कागदांवर एकाच जागी येते. आमचं तसंच होतं.

कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं : तुमच्या डार्करूममध्ये काहीतरी असेल. मला त्याचा राग येत नाही. बऱ्याच तक्रारींच्या बाबतीत ते खरंही असतं. नखाने कागद दुमडला तर चंद्रकोरीसारखा काळा डाग येतो, वीजदाब कमी-जास्त झाला की दिव्याचा उजेड आणि रंग दोन्ही बदलतात, आणि ही सगळी खापरं कागदावर फुटतात. म्हणून आम्ही पुराव्यासकट पाठवलं : छाटलेल्या कोपऱ्यांच्या प्रिंट, त्याच पिशवीतले न वापरलेले कागद, अंधारातल्या परीक्षेचे दोन तुकडे आणि खोक्यावरचा बॅच नंबर. माल बदलून मिळाला. गेलेला वेळ आणि रसायनं मात्र आमच्याच खात्यावर. बदली खोकं पाठवलं की हिशेब मिटला, असं मानायची या धंद्यात जुनी पद्धत आहे. ती मला आजही पटत नाही.

सेफलाइटबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे भलेभले फसतात. व्हेरिएबल कॉन्ट्रास्टचा, म्हणजे फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येणारा कागद, जो इल्फर्डने १९४० मध्ये मल्टिग्रेड नावाने आणला, निळ्याबरोबर हिरवा उजेडही टिपतो. पिवळा फिल्टर सौम्य प्रिंट देतो, मजेंटा कडक, ते त्यामुळेच. तेव्हा बाजारातला कुठलाही लाल एलईडी लावून चालत नाही, काहींतून नको तो उजेड झिरपतो. लोक तपासणी अशी करतात : कोरा कागद दिव्याखाली ठेवला, वर नाणं ठेवलं, डेव्हलप केला, नाण्याचा ठसा नाही, म्हणजे दिवा ठीक. पण कोऱ्या कागदाला काळं पडायला सुरुवात होण्याआधी काही उजेड पचतो. प्रिंटवर एन्लार्जरने तो आधीच दिलेला असतो, आणि मग सेफलाइटचा एवढासा कवडसाही चेहऱ्यावरचे उजळ भाग मळवतो. म्हणून आधी एन्लार्जरखाली कागदाला हलका करडा येईल इतकं एक्स्पोजर द्यायचं आणि मग नाणं ठेवायचं. पुष्कळ ‘खराब’ बॅच या एका परीक्षेत निर्दोष सुटतात.

आर.सी. (रेझिन कोटेड), म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदाने आमचं रोजचं काम वाचवलं, यात शंका नाही. धुवायला दोनेक मिनिटं. फायबरला, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेल्या कागदाला, तासभर पाणी सोडावं लागतं. पण फ्रेममध्ये, काचेआड, उजेडात टांगलेल्या काही आर.सी. प्रिंटवर पुढे नारिंगी ठिपके आणि आरशासारखी चकाकी आलेली आम्ही पाहिली आहे. प्लॅस्टिकच्या थरातल्या टायटॅनियम डायऑक्साइडमुळे उजेडात ऑक्सिडीकरण करणारे पदार्थ तयार होतात, ते चांदीवर चाल करतात. कंपन्यांनी नंतर त्यावर उपाय म्हणून कागदातच स्थिरके घातली. तरीही भिंतीवर लावायची प्रिंट असेल तर आम्ही फायबरच सुचवतो, आणि आर.सी.च हवा असेल तर टोनिंग, म्हणजे चांदी टिकाऊ करणारी रासायनिक प्रक्रिया, केल्याशिवाय देत नाही. गिऱ्हाईक कधी कुरकुरतं, कारण काम लांबतं.

आता प्रत्येक खोकं आलं की वहीत बॅच नंबर, आल्याची तारीख आणि परीक्षेचे दोन तुकडे चिकटतात. सोबत ठरलेल्या एका निगेटिव्हची प्रिंट, तेच एक्स्पोजर, तोच फिल्टर. वाळल्यावरच तिची जुन्या प्रिंटशी तुलना होते, कारण फायबर कागद वाळताना थोडा गडद होतो. दोन बॅचमध्ये वेगाचा किंवा कॉन्ट्रास्टचा थोडा फरक येतोच, तो दोष नव्हे. पण एका प्रदर्शनाच्या भिंतीवर दोन बॅच शेजारी लागल्या की तो फरक ओरडून दिसतो. त्यामुळे मोठं काम घेताना सगळा कागद एकाच बॅचचा हातात आल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही. परवाच एक काम त्यापायी पुढे ढकललं. पुरवठादार म्हणतो, तोच नंबर पुढच्या खेपेत येईल.