शंभर पुस्तकांची पेटी: मुलांची किती, मोठ्यांची किती

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेमुळे शंभर पुस्तकांची पेटी हा प्रकार मराठी वाचकांच्या चांगलाच ओळखीचा झालाय. एका इमारतीला किंवा गल्लीला एक पेटी, वाचून झाली की दुसऱ्या गटाशी अदलाबदल. अशीच पेटी आपल्या सोसायटीसाठी स्वतः भरायला घेतली की पहिली अडचण पैशाची येत नाही, निवडीची येते. ग्रुपवर पुस्तकांची नावं मागवा. दोन दिवसांत ऐंशी नावं जमतील आणि त्यातली साठ त्याच पाच-सात लेखकांची असतील. मुलांसाठी म्हणून सुचवलेली पुस्तकं तर सगळी मोठ्यांच्या बालपणातली.

म्हणून नावं शेवटी. आधी वाटणी ठरवायची आणि मग त्या आकड्यांना हट्टाने चिकटून राहायचं.

वीसेक घरांच्या इमारतीला चालणारी वाटणी अशी: मुलांची ४०, कुमारांची १०, मोठ्यांची ५०. मुलांच्या चाळिसात १५ चित्रपुस्तकं, १५ नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी आणि १० नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी. मोठ्यांच्या पन्नासात कादंबऱ्या १२, कथासंग्रह ८, चरित्रं-आत्मचरित्रं ८, प्रवास, निसर्ग, विज्ञान मिळून ८, विनोदी आणि ललित ६, कविता ३, नाटकं २ आणि स्वयंपाक-बागकामासारखी उपयोगाची ३. बाराच कादंबऱ्या का, असं कुणीतरी विचारणारच. साडेसातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी एका घरात गेली की गणपती ते दिवाळी तिथेच राहते. जाड पुस्तकं फार तर तीन ठेवा. कथासंग्रह पंधरा दिवसांत परत येतो, आणि अर्धाच वाचून परत केला तरी घेणाऱ्याला रुखरुख लागत नाही. दोन-तीन खंडांचं काहीही पेटीत नको. दुसरा खंड हरवला की पहिला आणि तिसरा रद्दीच.

कुमारांची दहा हा सगळ्यात कठीण कप्पा. तेरा-चौदाच्या मुलांसाठी खास असं मराठीत फार कमी छापलं जातं. इथे मोठ्यांच्याच पुस्तकांतून पातळ, वेगवान अशी काढावी लागतात: शिकारकथा, विज्ञानकथा, गिर्यारोहण, खेळाडूंची आत्मचरित्रं, रहस्यकथा. हा कप्पा ओस पडला तर सातवीनंतरचं मूल पेटीकडे फिरकत नाही, आणि मग पुढे एकदम तिशीतच भेटतं.

आता मुलांच्या पुस्तकांकडे नीट बघू, कारण चुका इथेच जास्त होतात.

स्टॉलवर चोवीस पानी चित्रपुस्तक हातात घ्या आणि मुखपृष्ठ न बघता बरोबर मधलं पान उघडा. दोन पिना दिसतील. त्या सरळ बसल्यात का, चित्रातल्या माणसाचं नाक घडीत गेलंय का, हे तिथे कळतं. मग अक्षरं बघा. नुकतं वाचणाऱ्या मुलासाठी अक्षर साधारण अठरा ते चोवीस पॉइंटचं हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन ओळींत भरपूर अंतर हवं, कारण आपल्या लिपीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. ओळी चिकटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो आणि मूल अडतं. रंगीत चित्रावर थेट छापलेला मजकूर पहिलीतल्या मुलाला देऊ नका, चित्र कितीही देखणं असो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही: ल आणि श. शाळेत मूल पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श शिकतं. महाराष्ट्राबाहेर छापलेल्या किंवा हिंदी फाँट वापरलेल्या मराठी पुस्तकांत हे दोन्ही वेगळ्या वळणाचे असतात. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. सहा वर्षांचं मूल मात्र 'लाल'वरच थांबतं. तिसरीनंतर याने काही बिघडत नाही, पण नुकतं वाचायला लागलेल्यांच्या पंधरांत तरी मराठी वळणाचीच अक्षरं असू द्या.

पातळी ठरवायला 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाची मोजपट्टी सोयीची आहे. पहिल्या पातळीत अडीचशेपर्यंत शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत, चौथीत त्याहून जास्त. स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात, तेव्हा खरेदीआधी आपल्या इमारतीतली मुलं कुठल्या पातळीवर आहेत हे तिथेच तपासा. तपासायची रीत सोपी. मुलाला एक पान मोठ्याने वाचायला सांगायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली तर ते पुस्तक त्याने वाचायचं नाही, त्याला वाचून दाखवायचं. पानावर वीस-पंचवीसच शब्द असतील तर पाचाऐवजी दोन बोटं धरा. अडलेले शब्द बहुतेक जोडाक्षरांचे असतात, त्यामुळे याच पंधरांतली निम्मी जोडाक्षरं नसलेली किंवा अगदी तुरळक असलेली घ्यावीत.

त्याच गोष्टी छापून पेटीत ठेवू, असा विचार कुणाच्या तरी डोक्यात येतोच. हिशोब करा. चोवीस पानी पुस्तिका ए-फोरवर दुमडून छापली तर सहा कागद, म्हणजे बारा रंगीत बाजू. बाजूला दहा रुपये धरले तरी एकशेवीस झाले, आणि कागद मऊ तो मऊच. नॅशनल बुक ट्रस्टचं किंवा प्रथमचं छापील पुस्तक साधारण त्याहून स्वस्त पडतं. परदेशात जिथे मराठी पुस्तक पोचायलाच महिना लागतो, तिथे मात्र छापण्याला अर्थ आहे. तिथल्या मुलांसाठी पातळी वयावरून धरू नका. नऊ वर्षांचं मूल बोलतं छान, पण वाचन पहिल्या पातळीचं असतं. त्याला ससा-कासवाची गोष्ट दिली तर ते वैतागतं. कमी शब्दांची पण विषयाने मोठी पुस्तकं शोधा: प्राणी, यंत्रं, अवकाश.

काय घेऊ नये हेही सांगायला हवं. रंगवायची, कोडी सोडवायची, चिकटवायची पुस्तकं पेटीत नकोत. पहिल्या घरातच ती संपतात. उघडलं की चित्र उभं राहणारी पुस्तकं तिसऱ्या घरापर्यंत टिकत नाहीत. प्रत्येक गोष्टीखाली 'तात्पर्य' छापलेले संस्कारकथांचे संच स्वस्त असतात आणि भेट म्हणून ढिगाने येतात. त्यातला एखादा असू द्या, दहा नकोत. मुलं तात्पर्य आधी वाचतात आणि गोष्ट सोडून देतात.

मोठ्यांच्या पुस्तकांत पहिली तपासणी बांधणीची. पुस्तकाचा कणा वरून बघा. कागदांचे दुमडलेले छोटे गठ्ठे, म्हणजे फर्मे, वेगवेगळे दिसले तर ते शिवलेलं आहे. सगळी पानं सुटी आणि सपाट दिसली तर नुसत्या डिंकावर आहे. डिंकाचं पुस्तक मधोमध पूर्ण उघडा. कट्ट असा आवाज आला आणि कण्यात पांढरी रेघ दिसली तर वीस घरांत फिरून ते परत येताना पानं मोजावी लागतील.

दुसरी तपासणी अनुवादांची. आतल्या पानावर अनुवादकाचं नाव ठळक आहे का ते बघा. नाव नसेल तर पुस्तक खाली ठेवा. नाव असेल तर मधला एखादा संवाद मनातल्या मनात बोलून बघा. 'मी तुझ्यासाठी दिलगीर आहे' असं मराठी माणूस मयतालाही म्हणत नाही. विज्ञानाच्या अनुवादात मैल, फूट आणि फॅरनहाइट तसेच राहिले असतील तर बाकीचंही तसंच घाईने झालेलं असणार.

आरोग्य, कायदा आणि गुंतवणूक या विषयांचं पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक नको. साल बघताना फसू नका: 'पुनर्मुद्रण' म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलाय, नवीन 'आवृत्ती'त निदान काही बदललेलं असण्याची शक्यता असते.

शोधायचं कुठे? विकत घेण्याआधी चाळायला सगळ्यात उत्तम जागा म्हणजे जवळचं सार्वजनिक वाचनालय. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती वाचा. एकाच चिठ्ठीवर दुसरी, तिसरी डकवलेली असेल तर ते पुस्तक लोकांनी खरंच नेलंय. ही शिफारस कुठल्याही परीक्षणापेक्षा भरवशाची. महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणं झालं तर भिलारला अर्धा दिवस काढा. ४ मे २०१७ला ते पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत साहित्यप्रकारांनुसार पुस्तकं मांडलेली असतात, बसून वाचता येतात. तिथे फोनमध्ये मुखपृष्ठाचा आणि आतल्या माहितीच्या पानाचा असे दोन फोटो काढत चला, नाहीतर घरी आल्यावर प्रकाशक आठवत नाही.

खरेदीला पुण्यात अप्पा बळवंत चौक आहेच, पण शाळा सुरू व्हायच्या दिवसांत, जूनमध्ये, तिकडे जाऊ नका. पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत बाकी काही दाखवायला कुणाला फुरसत नसते. साहित्य संमेलनाचं ग्रंथप्रदर्शन आणि डिसेंबरातला पुणे पुस्तक महोत्सव इथे एका छताखाली छोटे प्रकाशक भेटतात, आणि मुलांची पुस्तकं बघायची तर ते महत्त्वाचं. भोपाळच्या एकलव्य किंवा चेन्नईच्या तूलिका यांची मराठी पुस्तकं गावातल्या दुकानात क्वचितच असतात.

दिवाळी अंकांना विसरू नका. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही प्रथा मिश्र वाचनाची सगळ्यात स्वस्त सोय आहे. कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं सगळं एकात, आणि होळीनंतर जुने अंक निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकंही अशीच मिळतात. ही पेटीत ठेवता येत नाहीत, पण झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांची यादी चिकटवता येते.

पैशाचं गणित: मराठीत सध्या पानाला साधारण दीड रुपया धरा. मोठ्यांचं पुस्तक सरासरी २८०, कुमारांचं २००, मुलांचं १०० धरलं तर एकूण वीस हजार. मोठ्यांच्या पन्नासातली पंधरा जुन्या बाजारातून नव्वदेक रुपयांना उचलली आणि नव्यांवर दहा टक्के सूट मिळवली, तर साडेपंधरा हजारांपर्यंत येतं. वीस घरांत वाटलं की घरटी आठशेच्या आत. दान आलेली पुस्तकं घ्याच, पण वाटणीत बसतील तेवढीच. हे आधी जाहीर केलं नाही तर पेटीत दहावीची गाइडं, गतसालचं राशिभविष्य आणि संगणक शिका छापाची पुस्तकं येऊन बसतात आणि कुणाला नाही म्हणता येत नाही.

शंभर पुस्तकांचं वजन वीस किलोच्या आसपास जातं. एकच पेटी केली तर ती तळमजल्यावर ज्याच्या घरी ठेवली तिथेच मुक्कामाला राहते. दोन करा, पन्नास-पन्नासच्या, आणि दोन्हींत मुलांची-मोठ्यांची मिसळूनच भरा. एक मुलांची आणि एक मोठ्यांची असं अजिबात करू नका. आजी नातवाचं पुस्तक उचलते, कारण त्यातली अक्षरं मोठी. आठवीतला मुलगा आईच्या पुस्तकातली शिकारकथा वाचतो. हे फक्त मिसळलेल्या पेटीत होतं. पत्र्याची ट्रंक दिसते छान, पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तिला आतून घाम फुटतो. झाकणाची प्लास्टिकची पेटी बरी. मोठ्यांची पुस्तकं कणा वर करून उभी ठेवा. पिनेच्या पातळ पुस्तकांना कणाच नसतो, ती उभी केली की गायब होतात. त्यांचं मुखपृष्ठ समोर येईल असं, फाइलीतल्या कागदांसारखं लावा.

पुस्तकावर वय लिहू नका. रंगीत टिकली लावा. पाचवीतल्या मुलाला 'वय ६ ते ८' असं लिहिलेलं पुस्तक चारचौघांत उचलायला लाज वाटते, पिवळ्या टिकलीचं उचलताना वाटत नाही. नोंदीला दोनशे पानी वही पुरते: दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत, आणि पुढे फ्लॅट नंबर व तारखा.

डांबरगोळ्या नकोत, मुलं गोळी तोंडात घालतात. कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, दिसली तर ते पुस्तक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता दिवसभर राहू द्या, म्हणजे पाणी कागदावर धरणार नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तो वर्षभरात पिवळा पडतो आणि सुटताना अक्षरं घेऊन जातो.

पावसाळ्यानंतर पिनेची पुस्तकं गंजायला लागतात. पिना काढून टाका आणि घडीवर तीन भोकं पाडा. जाड सुती दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतूनच सरळ खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. दोन्ही टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी धरून गाठ मारा. एका पुस्तकाला पाच मिनिटं लागतात.