मस्कतमध्ये बसून पाहिलेली भारत-पाकिस्तान फायनल

भारत-पाकिस्तान मॅच स्टेडियममध्ये बसून बघायची, तर हल्ली दोन्ही देशांच्या बाहेरच जावं लागतं. आम्ही पोटापाण्यासाठी आधीच बाहेर पडलोय, त्यामुळे ही सोय आयतीच झाली. ज्युनिअर आशिया कप, म्हणजे एकवीस वर्षांखालच्या पोरांची हॉकी, 2023 मध्ये ओमानमध्येच सलालाहला झाला होता आणि फायनलला हेच दोन संघ होते. भारत 2-1 ने जिंकला. 2024 मध्ये स्पर्धा मस्कतला आली आणि फायनलला पुन्हा हेच दोघं.

हॉकीचं मैदान मस्कतच्या अमेरात भागात आहे, बौशरच्या वस्तीतून डोंगर ओलांडला की पलीकडे. टी-20 वर्ल्ड कपमुळे इथलं क्रिकेट ग्राउंड आपल्याकडे निदान ऐकून तरी माहीत असतं. हॉकीचं कुणाला माहीत असणार! नोव्हेंबर संपताना इथली हवा माणसात येते, संध्याकाळी उघड्यावर बसवतं.

ग्रुपच्या बहुतेक मॅचेस एकतर्फीच झाल्या. भारताने थायलंडला 11-0 आणि चायनीज तैपेईला 16-0 हरवलं. दहा संघांच्या स्पर्धेत खरी हॉकी खेळणारे चार-पाचच, हे मान्य केलेलं बरं. पण अशा मॅचेस बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. थोरांच्या हातून मार खाल्ल्याशिवाय छोटे संघ शिकणार कुठे? बांगलादेशचंच बघा. ही स्पर्धा ज्युनिअर वर्ल्ड कपची पात्रता फेरीही होती, आणि तिकीट मिळाल्यावर बांगलादेशची पोरं कप जिंकल्यासारखी नाचत होती. त्यांच्या देशाला हा वर्ल्ड कप पहिल्यांदाच खेळायला मिळणार होता.

फायनल 4 डिसेंबरला, बुधवारी. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे मंडळी कामावरूनच थेट आलेली. कुणाच्या अंगावर कंपनीचा डांगरी, कुणाच्या हातात हेल्मेट. शेजारी बसलेले चाचा पाकिस्तानातल्या सियालकोटचे निघाले. तिथे हॉकी स्टिक बनतात, आणि त्यांचं अख्खं घर त्याच धंद्यात. त्यामुळे त्यांचं लक्ष बॉलपेक्षा स्टिककडे जास्त. "आता सगळं फायबर," ते कुरकुरले, "लाकडाचा आवाजच गेला."

तिसऱ्याच मिनिटाला पाकिस्तानच्या हन्नान शाहिदने गोल केला आणि चाचा स्टिकबिक विसरून उभे राहिले. ते बसतात न बसतात तोच आपल्या अरायजीत सिंग हुंदलने बरोबरी केली. मग त्याचा आणखी एक, लगेच दिलराजचा, 3-1. मला वाटलं संपली मॅच. पण पाकिस्तानकडे सुफियान खान होता. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलसमोर फाउल झाल्यावर मिळणारी संधी, मिळाला की बचावाला उभी राहणारी आपली पोरं तोंडावर मास्क चढवायची, आणि तेवढ्या वेळात आमच्या स्टँडमधली बडबड आपोआप थांबायची. बॉल बाहेर येतो, अडवला जातो, आणि सुफियानचा ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत भिरकावलेला फटका, सुटतो तेव्हा गोलकीपरला हलायलाही वेळ मिळत नाही. टीव्हीवर तो वेग कळत नाही हो. दोनदा असंच झालं, 3-3.

शेवटच्या क्वार्टरमध्ये हुंदलने आणखी दोन गोल मारले. पाचातले चार त्याचे एकट्याचे! 5-3. बाकावर कोच म्हणून श्रीजेश होता, ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकचं ब्राँझ घेऊन निवृत्त झालेला भारताचा गोलकीपर. खरं सांगायचं तर आमच्यातले निम्मे त्यालाच बघायला आले होते.

चाचांनी हात मिळवला आणि म्हणाले, "तुमचा तो नऊ नंबर काय, बारा नंबर काय, आमच्याकडे देऊन टाका." नंबर दोन्ही चुकीचे असावेत, मी काही दुरुस्त केले नाहीत.

काही दिवसांत इथेच मुलींची स्पर्धा झाली. तिथे आपण चीनला शूटआउटमध्ये हरवलं. गर्दी मात्र बरीच कमी. समोर पाकिस्तान नसला की आपलं हॉकीप्रेम घरी टीव्हीसमोर बसतं, हे मला खटकलं.

याच शहरात 2018 मध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीची भारत-पाकिस्तान फायनल पावसाने वाहून गेली आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवलं होतं. मस्कतमध्ये पाऊस! जुनी माणसं अजून हसत सांगतात.

2025 चा ज्युनिअर वर्ल्ड कप चेन्नई आणि मदुराईला झाला. पाकिस्तानने माघार घेतली आणि त्यांच्या जागी ओमानला बोलावणं आलं. मदुराईत भारताने ओमानला 17-0 हरवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधला ओमानी सहकारी भेटला. बलुची घरातला, उर्दू आपल्याहून चांगली बोलतो. स्कोअरबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. त्याला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की मदुराईला मॅच बघायला किती लोक आले होते.