वहीतली हजेरी

माझे वडील, तात्या, गेले तेव्हा नव्वदीत होते आणि त्यांच्या वारीच्या आठवणी सांगायला दारात माणसांची रीघ लागली. पुढच्या आषाढीला मी त्यांच्याच दिंडीतून निघाले, ते काहीसे या आठवणींना वैतागून. कारण जो तो त्यांना संत करून टाकत होता. आमच्या घरातले तात्या चहा गार मिळाला तर दिवसभर कुणाशी न बोलणारे होते, उंबऱ्यात चप्पल आडवी दिसली की ती अंगणात भिरकावणारे होते आणि रात्री दिवा मालवण्याआधी घरातली माणसे मोजल्याशिवाय अंथरुणाला पाठ न टेकणारे होते.

दिंडीत ती मोजणी अजून चालते. कीर्तन आटोपले की एक जण वही घेऊन राहुटीराहुटीतून फिरतो. ही पद्धत सुभेदारांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी घातली, असे मला पहिल्याच रात्री सांगण्यात आले. १९५३ साली बेळगावला भरती झालेले तात्या पुढे दुसऱ्या पॅरा बटालियनमध्ये, म्हणजे मराठ्यांच्या छत्रीधारी पलटणीत गेले आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलजवळ विमानातून छत्रीने उतरले. लोहजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवणे हे त्यांचे काम होते. त्याविषयी विचारले की ते पुलाबद्दल फारसे बोलत नसत. बोलत ते शेतांत विखुरलेली आपली माणसे अंधारात हुडकून मोजण्याबद्दल आणि सामान वाहून आणायला धावलेल्या तिथल्या गावकऱ्यांबद्दल.

शिस्त त्यांना वारीत मुद्दाम आणावी लागली नसावी. पालखी सोहळ्याची घडी बसवणारे आरफळचे हैबतबाबा स्वतःच शिंद्यांच्या पदरचे सरदार. पहाटे कर्ण्याच्या एकामागून एक इशाऱ्यांवर तयार होणे, रांगेत लागणे आणि निघणे हे फौजी माणसाला नवे नव्हते. मला मात्र त्या कर्ण्याचा रोज राग यायचा.

पुण्याचे मुक्काम, दिवे घाट, जेजुरीचा भंडारा हे सारे मागे पडले. नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान घातले गेले तेव्हा गर्दीत मला काहीच दिसले नाही. तरडगावच्या मुक्कामी कीर्तनाआधी एका वडीलधाऱ्या टाळकऱ्यांनी तात्यांविषयी चार शब्द सांगितले आणि शेवटी म्हणाले, ‘‘निवृत्त झाल्यापासून सुभेदारांची वारी एकदाही चुकली नाही.’’ मला राहवले नाही. आईला अर्धांगवायू झाल्यापासून ती जाईपर्यंत तात्यांनी वारी केलेली नव्हती. बंदुकीची सवय असलेल्या बोटांनी ते तिची वेणी घालायला शिकले होते, तिच्या भाकरीचा कुस्करा दुधात कालवत होते आणि आषाढात फक्त नीरेपर्यंत जाऊन, पादुकांचे स्नान पाहून, संध्याकाळच्या एसटीने घरी परतत होते. नोकरीच्या काळात वर्षातून एकदा रजेवर येणारा हा माणूस तेव्हा तिच्या खाटेपासून हलत नव्हता. मी हे सगळे तिथेच, जरा चढ्या आवाजात सांगितले.

दिंडीप्रमुखांनी शांतपणे वही मागवली. त्या प्रत्येक वर्षी तात्यांची भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, आगाऊ जमा होती आणि नावापुढे रोजची हजेरी मांडलेली होती. ‘‘ताई, सुभेदार घरी होते हे आम्हांला ठाऊक होतं. पण मोजायचं राहिलं तर ते आम्हांला रागावले असते,’’ ते म्हणाले. यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. रागही गेला नाही.

बरड सोडल्यावर नातेपुत्याच्या वाटेवर माझ्या टाचेचा फोड फुटण्याच्या बेतात आला. पावसाचा पत्ता नव्हता, डांबर तापले होते आणि आमची पताका दिसेनाशी झाली. रस्त्याकडेच्या बाभळीखाली मी बूट काढून बसले, तर गंगाखेडकडची एक म्हातारी डोक्यावरचे तुळशीवृंदावन दुसऱ्या बाईकडे देऊन माझ्यापुढे उकिडवी बसली.

‘‘दाखिव व माय. लाजायलीस काय?’’ आणि पाय हातात घेतल्यावर, ‘‘नवे बूट कायला घातलीस?’’

चोळीला खोचलेली सुई तिने काडी पेटवून धरली, दोरा खोबरेल तेलात बुडवला आणि फोडाच्या या कडेने घालून त्या कडेने काढला. पाणी दोऱ्यावाटे झिरपू लागल्यावर दोन्ही टोके बोटभर ठेवून तोडली. दोरा आतच राहिला. पलटणीतला हाच इलाज तात्या आम्हांला सांगत आणि आम्ही हसत असू. लुगड्याच्या जुन्या पदराची पट्टी फाडून तिने टाच बांधली. ती पट्टी स्वच्छ नव्हती, हे मला तेव्हाही दिसत होते. मग तिने माझा मोबाइल मागितला, घरचा नंबर तोंडपाठ सांगितला आणि जोडून दिल्यावर ओरडून विचारले, ‘‘म्हशीनं खाल्लं का?’’ उत्तर ऐकून फोन परत दिला, तुळस डोक्यावर घेतली आणि मी पाया पडायच्या आत ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’च्या ठेक्यात पुढे निघून गेली. तिचे नाव विचारायचे राहिले.

माळशिरसला काय झाले, वेळापूरचा धावा, म्हणजे वारकऱ्यांची ती धाव, कुठे सुरू झाला, हे दिवस माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत. भंडीशेगावच्या समाजआरतीला, म्हणजे तळावरच्या सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, चोपदारांनी चोप (हातातला दंड) उंचावला आणि लाखांचा तो तळ गप्प झाला, पण आमच्या दिंडीने टाळ थांबवले नाहीत. तक्रार असलेली दिंडी अशीच टाळ वाजवत राहते आणि पाण्याचा टँकर मागे अडकल्याची आमची तक्रार होती. चोपदार येऊन ऐकून गेले, मग टाळ थांबले. तात्या असते तर टँकरवाल्याला त्यांनी स्वतःच फैलावर घेतले असते.

पंढरपुरात रांगेचा आकार पाहून मी कळसाचे दर्शन घेतले आणि गढूळ चंद्रभागेत नाक धरून बुडी मारली. निघताना पुढच्या वर्षीची भिशी देऊन मी प्रमुखांना सांगितले की आता वहीतून तात्यांचे नाव कमी करा. ‘‘वहीचं पुढल्या आषाढीला बघू,’’ एवढे म्हणून ते राहुट्यांचे बांबू उलटे भरणाऱ्या ट्रकवाल्यावर ओरडायला लागले.