आमची वाटचाल: क्विझ पॉडकास्टचा छोटासा धंदा

आमची कंपनी म्हणजे दोन माणसं, एक माइक आणि रजयांनी भरलेलं एक कपाट. आवाज घुमू नये म्हणून त्या कपाटात डोकं घालून रेकॉर्डिंग करायचो, हसू नका, आवाज मस्त यायचा. लहान मुलं आणि घरातली मोठी माणसं मिळून खेळतील असा क्विझ पॉडकास्ट बनवायचा एवढंच डोक्यात होतं, पैसे कुठून येणार वगैरे नंतर बघू म्हणलं.

सुरुवातीलाच कळलं की कागदावरचा प्रश्न कानाला चालत नाही. चार पर्याय वाचून होईपर्यंत पोरं पहिला विसरलेली असतात, म्हणून आम्ही तीनच ठेवतो, आणि 'यापैकी कोणतं नाही' असला प्रश्न तर घेतच नाही, ऐकताना तो 'नाही' हमखास निसटतो. ऑक्टोपसला हृदयं किती? एक, तीन की आठ? आठ पाय म्हणून आठ असं ओरडणारी पोरं असतातच, आणि तेच पाहिजे असतं. उत्तर तीन, पण नुसतं तीन सांगून पुढे पळायचं नाही, दोन हृदयं कल्ल्यांतून रक्त ढकलतात आणि तिसरं ते उरलेल्या शरीराला पोचवतं, एवढं सांगितलं की डोक्यात राहतं. त्याचं रक्त निळसर असतं हा वरचा बोनस.

पण खरा माल म्हणजे प्रश्न आणि उत्तराच्या मधली गॅप. घरात जो कल्ला होतो, ताई दादाला गप्प बसवते, आजोबा ठाम चुकीचं उत्तर देतात, ते सगळं तिथेच होतं, आम्ही फक्त जागा देतो. आता गंमत अशी की काही पॉडकास्ट ॲप्समध्ये शांतता कापून टाकायची सेटिंग असते, म्हणजे आम्ही मुद्दाम ठेवलेला वेळच गायब, प्रश्न संपतोय तोवर उत्तर हजर! लोकांचे मेसेज यायला लागले की विचार करायला वेळच देत नाही तुम्ही. तेव्हापासून गॅपमध्ये टिक-टिक वाजते. हल्ली पोरं ती टिक-टिकच तोंडाने वाजवत फिरतात असं पालक सांगतात (सॉरी बरं का).

दुसरी डोकेदुखी म्हणजे शिळी होणारी उत्तरं. सगळ्यात जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला? 2019 मध्ये शनी पुढे गेला, 2023 च्या सुरुवातीला गुरूने 92 करून त्याला मागे टाकलं, त्याच वर्षी मे महिन्यात शनी 145 वर, आणि मार्च 2025 मध्ये एकदम शंभराहून जास्त नवे धरून 274. जुने एपिसोड तर लोक वर्षानुवर्षं ऐकतात, काढून कसं चालेल. म्हणून असे प्रश्न आम्ही वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करतो, तेवढा तुकडा बदलून फाइल परत चढवली की झालं. शुक्राचं बरंय, स्वतःभोवती फिरायला 243 दिवस आणि सूर्याभोवती 225, तो प्रश्न आमच्या हयातीत तरी बदलणार नाही.

पैशाचं म्हणाल तर जाहिराती घेऊन बघितल्या, मुलांच्या कार्यक्रमात मध्येच काहीतरी विकणं मला पटलं नाही. आता आईवडिलांची मेंबरशिप आहे, त्यात लांबच्या प्रवासासाठी मोठे एपिसोड, आणि शाळांसाठी वेगळा पॅक. यूट्यूबवर टाकतो, पण तिथे मुलांसाठीचा व्हिडिओ म्हणून टिक केलं की कमेंट बंद होतात, त्यामुळे पोरांशी बोलणं सगळं व्हॉइस नोटवर, तेही पालकांची परवानगी आल्यावरच, आणि आडनाव-शाळा काही ऐकू आलं तर एडिटमध्ये उडवतो.

पोरांच्या व्हॉइस नोट्समध्ये निम्मे प्रश्न डायनोसॉरचे. पुढचा सीझन त्यांचाच आहे, आणि पहिला वाद टेरोसॉर, म्हणजे त्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी, डायनोसॉर होता का यावर (नव्हता, पण उत्तर टिक-टिक झाल्यावरच).