पुदुच्चेरी: कालव्याच्या अलीकडे आणि पलीकडे

दिवाळीच्या सुट्टीत पुदुच्चेरीचं बुकिंग करण्याआधी थांबा. आपला पाऊस आटोपतो तेव्हा तिथला सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे, त्यातच वादळं. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ इथेच किनाऱ्याला लागलं आणि शहरात पाणी भरलं. जानेवारी-फेब्रुवारीत जावं, तेही शनिवार-रविवार टाळून.

दादरहून चालुक्य एक्सप्रेस थेट जाते, पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि दोन रात्री गाडीत जातात. विमानाने चेन्नई गाठली तर पुढे समुद्राकाठच्या रस्त्याने दीडशे किलोमीटर, बसने साडेतीन-चार तास.

व्हाइट टाउन या समुद्राकडच्या जुन्या फ्रेंच वस्तीतल्या खोल्या महाग. शहर दुभागणारा कालवा ओलांडून मिशन स्ट्रीटच्या बाजूला, म्हणजे तमिळ वस्तीत, उतरा. स्वस्त पडतं आणि समुद्र चालत पंधरा मिनिटांवर. रिक्षा मीटरने चालत नाहीत, भाडं बसण्याआधीच ठरवा. स्कूटर भाड्याने घेतलीत तर आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा, नाहीतर परत देताना वाद ठरलेला.

किनाऱ्याचा रस्ता संध्याकाळी ६ ते सकाळी ७:३० वाहनांना बंद असतो. सकाळी सहाच्या सुमारास तिथे पोचा. कोकणात सूर्य समुद्रात बुडताना बघायची सवय. इथे तो समुद्रातून वर येतो. गांधीजींचा पुतळा, १८३६ चा जुना दीपस्तंभ, फ्रेंच युद्धस्मारक, सगळं एका फेरीत होतं. पोहण्याचा बेत मात्र नको. ऐंशीच्या दशकाअखेर दक्षिणेला बंदराचे बांध झाले, उत्तरेकडे सरकणारी वाळू तिथेच अडली आणि शहरापुढचा किनारा खचला. म्हणून तिथे काळे दगड टाकलेत. त्यांवर शेवाळ असतं, फोटोसाठी उतरू नका. अलीकडे समुद्रात कृत्रिम बांध घातल्यावर सचिवालयाजवळ थोडी वाळू परतली आहे.

बहुतेक लोक व्हाइट टाउनच्या पिवळ्या भिंतींपुढे फोटो काढून परततात. खरी गंमत कालव्यापलीकडे, वैश्याळ रस्त्यावर. खाली लाकडी खांबांची ओसरी, वाटसरूने टेकावं म्हणून बांधलेला ओटा (तमिळमध्ये तिण्णै), आणि त्याच घराचा वरचा मजला फ्रेंच: कमानीच्या खिडक्या, झडपांची तावदानं. एका घरात दोन देश. लोक राहतात तिथे, दारात डोकावू नका.

अरविंद आश्रम दुपारी १२ ते २ बंद. मोबाइल बंद ठेवावा लागतो, ३ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. ऑरोविल या शहराजवळच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत मातृमंदिर हे ध्यानाचं ठिकाण बाहेरून बघायला पास फुकट, पण एक किलोमीटर चालावं लागतं. आत बसायचं असेल तर आगाऊ नोंदणी हवी. ती नसल्याने हिरमुसून परतणारे रोज दिसतात. मंगळवारी आत सोडत नाहीत.

मराठी माणसाने आणखी एक दिवस काढावा, जिंजीसाठी. सुमारे ७० किलोमीटर, तिंडिवनममार्गे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये हा किल्ला घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी इथूनच राज्य चालवलं. राजगिरी (किल्ल्याची सर्वांत उंच टेकडी) चढायला सकाळी लवकर लागा: दगड तापतो, वर सावली कमी. माणशी दोन लिटर पाणी घ्या, पिशवीची चेन लावा. माकडं बिस्किटाचा पुडा हातातून ओढतात.