बाईक सोडून गाडीत का गेलास?

डिचोलीच्या बाजारात भेटलेला ओळखीचा असो, म्हापशाच्या गॅरेजातला मेस्त्री असो, नाहीतर लग्नात शेजारच्या पानावर बसलेला कुणाचा तरी मामा असो, प्रश्न ठरलेला. "बाईक सोडली कित्याक रे? भियेलो?" तुम्ही तेच जरा सभ्य मराठीत विचारलंत: हौसेने मोटरसायकल पळवणारा माणूस व्यावसायिक टूरिंग कारपर्यंत (रस्त्यावरच्या रोजच्या गाड्या शर्यतीसाठी तयार करून पळवतात, त्या) पोचतो कसा, आणि बाईकवर शिकलेलं गाडीत कामाला येतं का? तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट उत्तर देतो.

आधी भीतीचं बघू. बाईकवर मी पडलो आहे, गळपट्टीचं हाड मोडलं आहे. या खेळात ते बहुतेकांचं मोडतं. पण गाडी सुरक्षित म्हणून तिकडे गेलो असं कुणी म्हटलं की मी ग्रेग हॅन्सफर्डचं नाव घेतो. हा ऑस्ट्रेलियन स्वार 1978 आणि 1979 अशी लागोपाठ दोन वर्षं 250 सीसीच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला. पुढे गाड्यांकडे वळला, 1993 साली बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यत जिंकला आणि 1995 मध्ये फिलिप आयलंडला टूरिंग कारच्याच शर्यतीत मरण पावला. पिंजरा असतो, पट्टे असतात, पण त्यांच्या भरवशावर माणूस वेगही तेवढाच वाढवतो.

खरं कारण सांगितलं की लोक हसतात. माझं वजन. आपल्याकडे नवशिक्यांच्या बाईक शर्यती 165 सीसीच्या आसपास होतात. एवढ्याशा इंजिनावर सोळा वर्षांचा सडपातळ पोरगा बसतो आणि शीतकडीवर (भात-आमटीवर) पोसलेला माझ्यासारखा बसतो, तेव्हा सरळ पट्ट्यात काय होतं ते सांगायला नको. वळणात मिळवलेलं सगळं तिथे जायचं. टूरिंग कारच्या अनेक मालिकांत किमान वजन चालकासकट मोजतात. हलक्या चालकाच्या गाडीत शिसं भरतात. हा नियम पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मला या खेळात न्याय आहे असं वाटलं.

आता शिकलो कुठे. गोव्यात कायमस्वरूपी ट्रॅक नाही, सडे आहेत, म्हणजे कातळाची उघडी पठारं. आमच्या घरचे टिपर खनिज वाहायचे. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, टिपर अंगणात उभे राहिले आणि खाणींकडे जाणारे रस्ते रिकामे झाले. त्या तांबड्या मातीवर, गोल खड्यांवर मी मागचं चाक घसरवायला शिकलो. वागातोरला बाईकवाल्यांचे मेळावे भरायचे, तिथे मातीच्या ट्रॅकवर पहिल्यांदा दुसऱ्यांशी स्पर्धा केली. चोगम रोडवर रात्री पळणाऱ्यांत मी कधी नव्हतो. तिथे समोरून स्कूटरवर कोण येईल ते कुणालाच माहीत नसतं, आणि त्याला मी रेसिंग म्हणत नाही.

डांबरावरची शर्यत म्हणजे तामिळनाडू. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरचा, आखूड आणि चिकट वळणांचा. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, मोकळा. चोर्ला घाट चढून बेळगावमार्गे पिकअपमध्ये बाईक टाकून जायचं, दोन दिवस पळायचं, परत यायचं. आईला वर्षानुवर्षं वाटायचं की मी तिकडे नोकरी शोधतो आहे.

गाडीत शिरण्याचा रस्ता एकाच मेकच्या मालिकांनी सोपा केला. 2010 साली फोक्सवॅगनने पोलो कप आणला, पुढे व्हेंटो आणि अमिओ आल्या. सगळ्यांना सारखी गाडी, तीच टायरं, आणि निवड चाचणीतून. मी अशाच एका चाचणीतून आलो. गाडी स्वतः बांधायची असती तर आजही टिपर मोजत बसलो असतो.

चाचणीत बाईकवाल्याची पंचाईत होते. बाईकवर वळण अंगाने घेतात. बूड सीटवरून बाहेर, गुडघा जमिनीकडे, नजर वळणाच्या पल्याड. गाडीत सहा पट्ट्यांनी जखडलेले असता, मान हान्समध्ये (अपघातात मान वाचवणाऱ्या खांद्यावरच्या पट्टीत) अडकलेली. तरी वळण आलं की माझं डोकं आत झुकायचं आणि पिटमधले मेकॅनिक खिदळायचे. गाडीला तुमच्या झुकण्याशी काही देणंघेणं नसतं.

पण पुढच्या टायरची जाण मात्र बाईकवाल्याइतकी कुणाला नसते. आपल्याकडच्या टूरिंग कार बहुतेक पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. ब्रेक, वळणं आणि ओढणं, तिन्ही कामं त्याच दोन टायरांकडे. एकदम सगळं मागितलंत तर नाक वळणाबाहेर निघतं. बाईकवर हाच हिशेब जिवावर बेततो: ब्रेक जसा सोडाल तसं झुकायचं, जास्त मागितलंत तर पुढचं चाक जातं आणि तुम्ही जमिनीवर. गाडीत टायर नुसतं किंचाळतं आणि दुसरी संधी देतं. त्यामुळे लहानपणापासून कार्टमध्ये (शर्यतीच्या छोट्या उघड्या गाड्यांत) वाढलेली पोरं पहिल्या लॅप्समध्ये पुढे असतात आणि शेवटच्या लॅप्समध्ये त्यांची पुढची टायरं शिजलेली असतात. माझ्या बहुतेक जागा मी तिथेच कमावल्या आहेत.

उलटं शिकावं लागलं ते थ्रॉटलचं. बाईकवर वळणाच्या मध्यावर थ्रॉटल झटकन बंद करणं म्हणजे घबराट. या गाडीत ते हत्यार आहे. पाय उचलला की वजन पुढे येतं, मागचं अंग हलकं होऊन सरकतं आणि नाक आत येतं. हे डोक्याला पटतं, पायाला पटायला फार वेळ लागतो.

रुंदी हा आणखी एक विषय. बाईकवर फट दिसली की घुसायचं. गाडीत मी उजवीकडे बसलेला, डावं चाक नुसतं अंदाजाने ओळखायचं. इथे मात्र गोव्याचे रस्ते कामी आले. दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे आणि समोरून कदंबची बस, अशा वाटेवर गाडी चालवलेल्या माणसाला डावा आरसा कुठे संपतो ते कुणी शिकवावं लागत नाही. दाराला दार घासणं तेवढं नवीन होतं. बाईकवर तसा स्पर्श झाला की दोघेही खाली. टूरिंग कारमध्ये तो रोजचा व्यवहार आहे, फक्त पंच व्हिडिओ बघतात आणि मुद्दाम ढकलणाऱ्याला दंड बसतो.

या वाटेने माझ्याआधी बरेच गेले. व्हेनेझुएलाचा जॉनी चेकोत्तो 1975 मध्ये एकोणिसाव्या वर्षी 350 सीसीचा विश्वविजेता झाला. 1984 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आयर्टन सेनाचा संघसहकारी असताना ब्रँड्स हॅचला त्याचे पाय मोडले. मग तो बीएमडब्ल्यूच्या टूरिंग कारमध्ये बसला आणि 1994 व 1998 मध्ये जर्मन सुपर टूरिंगचं विजेतेपद घेतलं. अर्थात तो चेकोत्तो.

राहिला 'व्यावसायिक'चा प्रश्न. लोकांना वाटतं जिंकलं की पैसे मिळतात. टीसीआर घ्या, 2015 मध्ये सुरू झालेला टूरिंग कारचा वर्ग, दोन लिटरचं टर्बो इंजिन, साडेतीनशेच्या आसपास अश्वशक्ती. त्यातल्या गाड्या कंपन्या खासगी संघांना विकतात आणि बरेच संघ सीट चालकालाच विकतात. पैसे देऊन बसणारा आणि पैसे घेऊन बसणारा एकाच ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटते त्या रांगांत, असतात, टीव्हीवर फरक कळत नाही. मी आता सीटचे पैसे देत नाही, एवढ्या अर्थाने व्यावसायिक. घर चालतं ते शर्यतींवर नव्हे, तर पैसेवाल्या चालकांच्या शेजारी बसून त्यांना ब्रेक कुठे सोडायचा ते सांगण्यावर, आणि कंपन्यांच्या गाड्या चाचणीसाठी चालवण्यावर.

तुमच्या पोराला यायचं असेल तर गाडी घेऊ नका. कोइम्बतूरला किंवा चेन्नईला एखाद्या रेसिंग शाळेत पाठवा, मोटरस्पोर्ट फेडरेशनचं शर्यतीचं लायसन्स काढा, पहिला हंगाम भाड्याच्या गाडीत काढू द्या. पैसे उरलेच तर हेल्मेटवर घाला. बाईकचं कितीही महागडं असलं तरी स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, चालत नाही, त्याचं अस्तर आगीत टिकणारं नसतं.