सकाळचा नकाशा

ज्वाळा मी जवळून एकदाही पाहिल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. 2020 च्या कोलोरॅडोतल्या वणव्यांबद्दल लिही म्हणून मागे लागलेल्यांची थोडी निराशा होईल, पण इलाज नाही. आमचं घर फोर्ट कॉलिन्सला, रॉकी पर्वत संपून मैदान सुरू होतं त्या पट्ट्यात. त्यांतली कॅमेरून पीक नावाची आग 13 ऑगस्टला लागली ती पश्चिमेला, चेंबर्स लेकच्या बाजूच्या उंच जंगलात. आमच्या वाट्याला आले ते धूर, राख आणि नकाशा.

नकाशाचं वेड सगळ्या गावाला लागलं होतं. रात्री इन्फ्रारेड कॅमेरा लावलेलं विमान आगीवरून फिरायचं, कारण रात्री जमीन थंड झालेली असते आणि आगीची धग धुरातूनही उठून दिसते. मग सकाळी आगीची नवी हद्द जाहीर व्हायची. चहाचा कप हातात घेऊन नवरा आणि मी कालची रेघ आणि आजची रेघ ताडून बघायचो. बाहेर खिडकी उघडायची की नाही हे मात्र दुसऱ्याच नकाशावर ठरायचं, हवेच्या गुणवत्तेच्या. त्यावर हिरवं वर्तुळ दिसलं की अर्ध्या तासात सगळं घर उघडून घ्यायचं. जांभळं असलं की बॉक्स फॅनला (चौकोनी पंख्याला) मागून घर गरम करणाऱ्या भट्टीचा फिल्टर चिकटवलेलं ते ओबडधोबड यंत्र सुरू करायचं. आठवड्याभरात तो पांढरा फिल्टर करडा व्हायचा. आपण काय ओढतोय आत, ते कळायला तेवढं पुरे.

त्यात सासूबाई आमच्याकडे अडकलेल्या. जानेवारीत आल्या, मार्चमध्ये विमानं बंद झाली, मग व्हिसाची मुदतवाढ वगैरे. त्या मूळच्या पाटणकडच्या, त्यामुळे वणव्याचं त्यांना काही कौतुक नाही. "आमच्याकडं शिमग्याच्या पुढं-मागं डोंगर पेटायचेच. पोरं ओल्या डहाळ्या घेऊन झोडपायला पळायची. सकाळी बघावं तर डोंगर काळा." त्यांचा प्रश्न सरळ होता: "अगं, यांच्याकडं एवढी विमानं, एवढे बंब. विझवत का नाहीत?"

याचं उत्तर आमच्या शेजाऱ्यांनी दिलं. ते निवृत्त व्हायच्या आधी बरीच वर्षं वणव्यावर काम करायचे. मास्क लावून, कुंपणाच्या पलीकडे उभं राहून त्यांनी समजावलं, आणि मी मराठीत सांगत गेले. एवढी मोठी आग पाणी ओतून विझवायला कुणी जातच नाही. तिच्या पुढे किंवा कडेला पट्टा काढायचा. झाडझाडोरा तोडायचा, पालापाचोळा खरवडून खालची निव्वळ माती उघडी करायची. त्यांच्या गॅरेजमध्ये पुलास्की टांगलेली आहे, ती त्यांनी आणून दाखवली. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. दांडा हाताच्या घामानं काळा पडलेला. 1910 च्या आयडाहोतल्या महावणव्यात आपली माणसं खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्कीचं नाव त्या अवजाराला आहे. जिथे डोझर जातो तिथे डोझरनं पट्टा काढतात, जिथे रस्ता आहे तिथे रस्त्याच्याच कडेनं आपणहून आग लावून मधलं जळण संपवून टाकतात. विमानातून पडतं ते लाल द्रावण आगीचा वेग कमी करतं, माणसांना थोडा वेळ मिळवून देतं. आणि सोसाट्याचा वारा असला की विमानं उडत नाहीत. आग तर नेमकी तेव्हाच पळते.

बातम्यांतली टक्केवारीही तेव्हाच समजली. आग तीस टक्के आटोक्यात म्हणजे तीस टक्के विझली असं नाही. तिच्या सगळ्या हद्दीपैकी तीस टक्के कडेवरून ती आता पलीकडे जाणार नाही, अशी या लोकांना खात्री वाटते, एवढंच. आत महिनाभर जळत राहिली तरी चालेल. ती खात्री कशी करतात, तर हातमोजा काढून, पालथा हात राखेवर, बुंध्याजवळच्या मातीवर धरत, इंचाइंचानं पुढे सरकत. मुळं जमिनीखाली धुमसत असतात, वरून काही दिसत नाही.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे विझवायची नाही, गुरासारखी वळवायची." शेजाऱ्यांना मी ते सांगितलं तर त्यांना इतकं आवडलं की पुढचे कित्येक दिवस ते सासूबाईंना बघून दोन्ही हातांनी गुरं हाकल्याची खूण करायचे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पारा चढला. डेन्व्हरला 5 सप्टेंबरला 101 फॅरनहाइट होतं, सप्टेंबरमधला तोवरचा उच्चांक. लेबर डेच्या सुट्टीत आग पूर्वेकडे धावली आणि आमच्याकडे भरदिवसा रस्त्यावरचे दिवे लागले. आकाश नारिंगी. सासूबाईंनी डेकवर सांडगे वाळत घातले होते, त्यांवर राख पडली. नुसती भुकटी नव्हती ती. पाइनची अख्खी सुई, जळलेली पण आकार शाबूत, सांडग्यावर अलगद बसलेली. बोटानं उचलायला गेलं की नाहीशी. किती मैल उडून आली असेल! सांडगे अर्थातच गेले.

आणि दुसऱ्या दिवशी, 8 सप्टेंबरला, बर्फ पडला. विश्वास बसत नसेल तर नोंदी बघा. आगीवर एका रात्रीत फूटभराच्या आसपास बर्फ साचला, आणि आम्हाला वाटलं सुटलो. शेजारी मात्र मान हलवत म्हणाले की हा वितळेल, वाळेल, आणि ऑक्टोबरचा वारा अजून यायचाय.

इथे जरा थांबून जंगलाबद्दल बोलायला हवं, कारण त्या काळात ज्याला-त्याला कारण माहीत होतं. जंगलं साफ ठेवली नाहीत, प्रत्येक आग विझवत बसले, म्हणून जळण साठलं, असं एक लाडकं स्पष्टीकरण आहे. खालच्या उतारांवरच्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलांना ते बऱ्यापैकी लागू पडतं, कारण तिथे पूर्वी दर थोड्या वर्षांनी जमिनीलगतची छोटी आग येऊन जायची. पण उंचावरची लॉजपोल पाइन, स्प्रूस आणि फरची जंगलं शतक-दोन शतकं शांत राहून एकदाच सगळी जळतात, हाच त्यांचा धर्म. लॉजपोलची काही शंकूफळं तर राळेनं चिकटलेली असतात, आगीची धग लागल्यावरच उघडून बी सांडतात. तेव्हा सगळं खापर झाडू न मारण्यावर फोडणं मला पटत नाही. त्या वर्षी कडक दुष्काळ होता. शिवाय नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पाइन बीटल या भुंग्यानं लाखो एकरांवरची झाडं मारून ठेवली होती. हिवाळे पुरेसे कडक राहिले नाहीत की सालीखालच्या अळ्या मरत नाहीत. भुंगा स्वतःबरोबर एक बुरशीही नेतो, तिनं लाकडात निळसर रेघा उमटतात. माझं टेबल त्याच लाकडाचं आहे. दिसायला फार सुंदर.

ऑक्टोबरचा वारा आला. 14 तारखेला कॅमेरून पीकची आग राज्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी ठरली. तो मान जेमतेम दीड-दोन महिन्यांपूर्वी पाइन गल्च नावाच्या त्याच हंगामातल्या आगीनं मिळवला होता. बकहॉर्न, मेसनव्हिलकडची घरं रिकामी करायला लावली. नवऱ्याच्या ऑफिसातली एक बाई तिच्या घोड्यांना ट्रेलरमध्ये घालून लव्हलंडच्या जत्रेच्या मैदानावर घेऊन गेली. तिथे घोडे, लामा, शेळ्या, सगळ्यांना जागा केली होती. आम्हीही दाराशी बॅग ठेवली. पासपोर्ट, सासूबाईंची बीपीची औषधं, हार्ड डिस्क. सासूबाईंनी वर देवघरातला बाळकृष्ण टॉवेलात गुंडाळून ठेवला, आणि रोज पूजेला काढून पुन्हा गुंडाळायच्या.

21 च्या रात्री जे झालं त्याची कल्पना कुणीच केली नव्हती. पर्वताच्या पलीकडची ईस्ट ट्रबलसम आग एका दिवसात 80 हजार एकरांहून जास्त पसरली, ग्रँड लेक गाव रात्रीतून रिकामं करावं लागलं, आणि मग तिच्या ठिणग्यांनी कॉन्टिनेंटल डिव्हाइड, म्हणजे पूर्व-पश्चिमेचं पाणी विभागणारी पर्वताची मुख्य धार, ओलांडली. वर झाड उगवत नाही, नुसते खडक आणि खुरटं गवत. तो उघडा माथा ठिणग्यांनी उडून पार केला आणि अलीकडे पुन्हा आग लागली. दुसऱ्या दिवशी एस्टेस पार्क रिकामं झालं, काळ्या धुराखाली गाड्यांची रांग. त्या आगीत साडेतीनशेहून अधिक घरं गेली, दोन माणसं गेली. त्या दिवशी आमच्या नकाशावर एक आग उत्तरेला आणि दुसरी तिच्या दक्षिणेला, आणि मधली फट बघून नवऱ्यानं लॅपटॉप मिटला.

25 ऑक्टोबरला पुन्हा बर्फ पडला, या वेळी टिकणारा. तरी कॅमेरून पीकची आग शंभर टक्के आटोक्यात आल्याचं जाहीर झालं ते 2 डिसेंबरला. 2 लाख 8 हजार एकरांहून जास्त.

पण खरं सांगायचं तर आमच्या गावासाठी प्रकरण तिथे संपलं नाही. जळालं ते पूडर नदीचं पाणलोट क्षेत्र, आणि नळाला येणारं बरंचसं पाणी त्या नदीचं. तीव्र आगीनंतर मातीवर पाणी न शोषणारा थर तयार होतो, मग साधी वळवाची सर आली तरी राख, चिखल, ओंडके सगळं खाली येतं. 20 जुलै 2021 ला पूडरच्या खोऱ्यातल्या ब्लॅक हॉलोमध्ये तेच झालं. चिखलाच्या लोंढ्यात घरं आणि माणसं वाहून गेली. नदीचं पाणी काळं झालं की पालिका ते घेणं थांबवते आणि हॉर्सटूथ जलाशयावर भागवते. माती धरून ठेवायला त्या उन्हाळ्यात हेलिकॉप्टरनं उतारांवर लाकडाच्या चिरफळ्या टाकत होते.

सासूबाई तोवर पाटणला परतल्या होत्या. गावी त्यांनी काय सांगितलं असेल कोण जाणे, पण जावेचा फोन आला तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं आगीला वळवतात म्हणे?"